पक्षिमित्राचा कूलर

प्रताप नगरातले चंद्रभानजी निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात निसर्गप्रेमी झाले. दुर्बीण आली, आठ खिशांचं हिरवं जाकीट आलं, आणि मे संपता संपता परसबागेत पाखरांसाठी सिमेंटचं कमळाकृती टाकं बसलं. पक्षिप्रेमी मंडळ रविवारी ते पाहायला येणार होतं. यंदाचा 'पक्षिमित्र' सत्कार आपलाच, हे मंडळाचे सचिव म्हणून चंद्रभानजींनी जवळपास ठरवूनच टाकलं होतं.

पण टाक्यावर चिमणीही फिरकेना. भर उन्हातल्या त्या पाण्यात चहा झाला असता.

बागेत पाखरं नव्हती असं नाही. मागच्या खिडकीतल्या कूलरची टाकी दोन उन्हाळे गळत होती. त्या ओलीवर अळू माजला होता, कर्दळ फुलली होती आणि नवतपाच्या नऊ दिवसांच्या आगीत सातभाई, बुलबुल, खारी, झालंच तर एक मुंगूस, सगळे तिथे गारव्याला येत. चंद्रभानजींची बायको प्रेमिला भांडी घासता घासता त्यांना रोज बघायची. चंद्रभानजी तिकडे पाठ करून टाक्यावर दुर्बीण रोखून बसत.

शनिवारी त्यांचा धीर सुटला. "कूलर बंद कर वं. टाकीले डांबर मारतो."

"दोन वर्षं सांगून राहिली, तवा नाही मारलं. आता काहून जी?"

"इथलं पाणी आटलं का येतीन टाक्यावर. जातीन कुठं?"

डांबर झकास बसलं. रविवारी मंडळ अर्धा तास श्वास रोखून टाक्यासमोर बसलं. एक गांधीलमाशी आली आणि गेली. तेवढ्यात कुंपणापलीकडे सातभाईंचा कलकलाट उठला. शेजारच्या आनंदरावांचा कूलर धो धो गळत होता आणि सगळी जत्रा तिथे भरली होती. मंडळ फाटकातून तिकडे वळलं.

"एवढं कसं साधलं तुम्ही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

बनियनवर उभे असलेले आनंदराव ओशाळले. "काही नाही जी, आळस. उद्या दुरुस्त करतो."

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी शाल मागवली. इतवारीत चार दुकानं पालथी घालून आपल्या पसंतीने आणलेली शाल चंद्रभानजींना स्वतःच्या हातांनी आनंदरावांच्या बनियनवर घालावी लागली.

घरी येऊन त्यांनी आठ खिशांचं जाकीट खुंटीला टांगलं. शालीचं दुःख फार होतं. प्रेमिला वाळत्या अळूला बादलीने पाणी घालत होती.

"आनंदरावले म्हना, सकाळी कुत्रं बांधून ठेवा," ती म्हणाली. "मुंगूस सहाले येते, तीन पिलं घेऊन."

पिलं आहेत, हे पक्षिप्रेमी मंडळाच्या सचिवांना आजच कळलं.