हाक ऐकू येईल एवढाच आवाज

आमच्या श्रीगोंद्याकडे एक ठाम समजूत आहे, की आवाज हा दुसऱ्याला ऐकू जाण्यासाठीच असतो. लग्न असो की बारसं, बॉक्स लावायचे ते पलीकडच्या वस्तीसाठी. मीही इथलाच. घरात गिटार वाजवायला ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकर, घ्यायचं ठरलं तेव्हा पुण्याला न जाता सरळ ओळखीच्या साऊंडवाल्याकडे गेलो. तो लग्नांना स्पीकर आणि मांडवाच्या कनाती भाड्याने देतो आणि जुनं सामान विकतोही. त्याने एक ॲम्प जोडला, बटण निम्म्यावर नेलं, मी एक तार छेडली आणि समोरचा चहावाला टपरीतून बाहेर आला. "घ्या सर, पन्नास वॅट हाय," साऊंडवाला म्हणाला. मी खूश होऊन घेतला. चाळिशी उलटल्यावर इलेक्ट्रिक गिटार शिकायला निघालेल्या माणसाच्या अकलेबद्दल आमच्या घरात फारसे मतभेद नाहीत.

माझी शाळा सकाळची. बायको आरोग्य उपकेंद्रात नर्स, ती संध्याकाळी येते. दुपारभर आईजवळ मी असतो. खुब्याच्या ऑपरेशनपासून तिला एकटीने उठायची मनाई आहे. तिने आतल्या खोलीतून हाक मारायची आणि मी जाऊन हाताला धरायचं, एवढं साधं ठरलेलं. म्हणून हेडफोनचा तर प्रश्नच नव्हता. कान बंद करून बसणारा मुलगा तिच्या काय कामाचा?

तो ॲम्प मात्र घरात बसेना. बटण जरासं फिरवलं तर आवाज मेल्यासारखा, केसभर पुढे नेलं तर मांडणीतली भांडी थरथरायची. हळू वाजवलं की सूर बेचव लागायचे, त्यामुळे हात आपोआप बटणाकडे जायचा. तिसऱ्या दुपारी पाणी प्यायला उठलो, तर आई पलंगाशेजारी फरशीवर बसलेली. उठायला गेली आणि पलंगाला धरून घसरत खाली आली होती. त्याआधी तिने चार हाका मारल्या होत्या. नशिबाने लागलं कुठेच नव्हतं. मी तिला उचलून पलंगावर बसवलं. तिने सुनेला काही सांगितलं नाही. मी सांगितलं आणि पोटभर बोलणी खाल्ली.

त्याहून वाईट पुढेच होतं. मी गिटार हातात घेतली की आईने हाक मारणंच बंद केलं. काही लागलं तरी सोसून गप्प पडून राहायची. विचारलं तर म्हणायची, "वाजव की तू. माजं काय आडलंय." मी चिडून गिटार कपाटावर टाकली, तर आपल्यापायी पोराचा छंद बुडाला म्हणून ती आणखीनच खट्टू झाली.

शेवटी ॲम्प उचलून पुन्हा दुकानात गेलो आणि झाला प्रकार सांगितला. साऊंडवाला गोंधळून म्हणाला की कमी आवाजाचं सामान आजवर त्याच्याकडे कुणी मागितलेलंच नाही. मग आठवून त्याने टेबलाखालून एक ॲम्प काढला, जेवणाच्या डब्याहून जरा मोठा. त्याचा कीबोर्डवाला सरावाला वापरायचा. मी घरातल्याइतकं अंतर ठेवून बसलो आणि त्याला म्हणालो, तुम्ही आत कनातींच्या ढिगामागे जा आणि मी वाजवत असताना हळू हाक मारा.

"काय म्हनून मारू?"

"आई मारेल तशी."

एरवी माईकशिवाय अख्खं लग्न गप्प करणारा तो मिशाळ माणूस ढिगामागून बारीक आवाजात म्हणाला, "आरं बाळा, पानी दे." मला ऐकू आलं. मी बटण थोडं वाढवलं, त्याने पुन्हा पाणी मागितलं. असं करत करत एका जागी हाक बुडाली, तिथून मागे येऊन मी बटणाशी पेनाने खूण केली. सूर त्या खुणेवरही भरीव लागत होता. चहावाल्याने मध्येच डोकावून पाहिलं आणि काही न विचारता परत गेला.

मोठा ॲम्प तिथेच ठेवून छोटा घरी आणला आणि खुणेपुढे न जाता वाजवू लागलो. आईला सगळं समजावून सांगितलं, तिने मान हलवली, पण दोन दुपारी हाक काही आली नाही. मी वाजवत होतो खरा, लक्ष सगळं आतल्या खोलीकडे. तिसऱ्या दुपारी एका कडव्याच्या मध्यात आतून आवाज आला, "आरं बाळा." गिटार गादीवर टाकून मी धावलो आणि काय पाहिजे म्हणून विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "हाक पोचती का बगितलं."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. किती दिवसांचं ओझं छातीवरून उतरलं आणि मी तिच्या पायाशी बसलो. तिनेच मला पुन्हा वाजवायला पिटाळलं. पाचेक मिनिटांनी तिने परत हाक मारली. या वेळी तिला खरंच उठायचं होतं.