सपाट जागा, बत्तीस इंचांचं दार

जालन्याहून राजूरला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची मोसंबीची बाग आहे. चतुर्थीला पायी गणपतीला निघालेली माणसं तिथं टेकतात, पाणी पितात, दोन मोसंब्या खिशात घालतात आणि पुढं जातात. एकदा एक नवराबायको भलीमोठी गाडी घेऊन आले. गाडीतच पलंग, गाडीतच गॅस, गाडीतच बेसिन. आजची रात्र गाडी इथं लावू का, म्हणाले. आमचे हे म्हणाले, लावा की. जाताना त्यांनी सांगितलं, असं गाडीतलं घर घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत, त्यांना लागते फक्त सुरक्षित जागा, पाणी, वीज आणि संडास-बाथरूम. पुण्यातल्या आमच्या लेकीनं ते ऐकलं आणि फोनवरच्या कुठल्याशा यादीत आमच्या बागेचा फोटो टाकून दिला. तेव्हापासून वर्षाकाठी पाच-सहा गाड्या येऊ लागल्या.

फोन हेच घ्यायचे. कोणी काहीही विचारलं तरी उत्तर एकच: "सगळं बराबर हाये, या तुम्ही."

मागच्या हिवाळ्यात नाशिकहून एका बाईंचा फोन आला. मी शेजारीच मेथी निवडत बसले होते आणि ह्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर होता.

"जागा सपाट आहे का?" बाईंनी विचारलं.

"परातीसारखी."

"मी चाकाची खुर्ची वापरते. संडासचं दार किती रुंद आहे?"

"भरपूर हाये."

"भरपूर म्हणजे किती इंच?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मेथीकडं पाहिलं.

"बाई, तुम्ही बिलकुल काळजी करू नका," हे म्हणाले. "मी चार मान्सं उभी करतो. अलगद उचलून नेऊ तुम्हाला."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मला उचललेलं आवडत नाही. तुम्हाला आवडेल का, संडासला जाताना चार माणसांनी उचललेलं?"

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्याकडं निघून गेले.

मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. दार बत्तीस इंच. उंबरा नको. आत खुर्ची वळेल एवढी मोकळी जागा. भिंतीला धरायला दांडा. ओट्यावर चढायला पायऱ्यांऐवजी उतार, आणि तो एक फूट उंचीला बारा फूट लांब. जमीन घट्ट आणि सपाट. गाडीच्या डाव्या बाजूला आठ फूट रिकामे, कारण खुर्ची खाली सोडणारी लिफ्ट तिकडून उघडते. पंधरा दिवसांनी येते, म्हणाल्या. फोन ठेवताना एक वाक्य जोडलं, "मोजून सांगा हं ताई. 'बराबर हाये' म्हणणाऱ्यांकडं मी तीनदा फसलेय."

दुसऱ्या दिवशी आमचे गवंडी आले. त्यांनी लेव्हलची नळी आणली. पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी असते ती. दोन टोकं दोन जागी धरली की कुठली जागा वर, कुठली खाली ते कळतं. गाडी लावायच्या जागेचं एक टोक दुसऱ्यापेक्षा नऊ इंच खाली निघालं.

"नळी खोटं बोलून राह्यली," हे म्हणाले. "तीस वर्षं म्या ही जमीन नांगरली."

"नांगरली असंल," गवंडी म्हणाले, "झोपले न्हाईत तुम्ही तिच्यावर. इथं पलंग लावला तर मानूस सकाळी पायथ्याला सापडंल."

नळी दोनदा धुऊन पुन्हा लावली. नऊ इंचच. मग मुरूम आणला, पसरला, पाणी मारून त्यावर रोलर फिरवला.

संडासच्या दाराचा प्रश्न ह्यांनी स्वतः सोडवायचा ठरवला. शेजारच्यांच्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं तेव्हा त्यांनी चाकाची खुर्ची घेतली होती. म्हातारबाबा आता काठी टेकत चांगले फिरतात आणि खुर्चीवर पापड वाळतात. हे पापड उतरवून खुर्ची घेऊन आले, अंगणात तिच्यात बसले आणि म्हणाले, "आता बघ. उगं बाऊ केलाय त्या बाईनं."

अंगणातून बाथरूमपर्यंत तीसेक पावलं असतील. पहिल्या दहा पावलांतच पुढची छोटी चाकं काळ्या मातीत रुतली. मी मागून ढकलू लागले तर म्हणाले, हात लावू नको. बाईंना कोणाचा हात नको असतो ना, मंग मलाबी नको. पाव तासानं ओट्याशी पोचले, उतरून खुर्ची स्वतःच पायऱ्यांवरून वर चढवली आणि पुन्हा तिच्यात बसून बाथरूमच्या दारापाशी आले. दार चोवीस इंच, खुर्ची पंचवीस. हे जोर लावून आत घुसले आणि दोन्ही हात चाक आणि चौकटीच्या मध्ये अडकले. पुढं जाता येईना, मागं येता येईना, आणि उठायचं तर हात मोकळे नाहीत. तेवढ्यात शेजारीण पापड कुठं गेले विचारायला आली. बाथरूमच्या दारात बसलेल्या माणसाकडं तिनं पाहिलं, पदर सावरला आणि मला हळूच विचारलं, "भाऊंना कधीपासून असं झालं?"

हात सुटल्यावर त्यांनी बोटांना हळद लावली आणि स्वतःच गवंड्यांना फोन केला. "दार बत्तीस करा," म्हणाले. "छत्तीस केलं तरी चालंल. अंगणातबी मुरूम टाका."

उताराचं मात्र एवढ्यानं भागलं नाही. आमचा ओटा दीड फूट उंच. हिशेबानं उतार अठरा फूट लांब व्हायला हवा. गवंडी म्हणाले, "अठरा फूट? बाथरूमला जायचंय का बदनापूरला?" आणि मी दुपारी कापूस बघायला गेले तेवढ्यात त्यांनी मोटरसायकल ओट्यावर चढवायला करतात तसा साडेतीन फुटांचा उतार करून टाकला. वरून छान घोटलेला, गुळगुळीत. संध्याकाळी मी काही बोलायच्या आत हे पुन्हा खुर्चीत बसले. आता अनुभवी माणूस झाले होते. लांबून वेग घेतला, अर्ध्यापर्यंत चढले, तिथं क्षणभर थांबले, आणि मग तोंड आमच्याकडं ठेवूनच मागं मागं निघाले. गवंडी बाजूला झाले. गोठ्याशी म्हशीसाठी पेंडेच्या पाण्याचा टब भरून ठेवलेला होता, त्याला खुर्ची जाऊन टेकली आणि हे मागच्या मागं त्यात बसले. म्हैस उठून उभी राहिली. टोपीतून पाणी निथळत असताना हे गवंड्यांना म्हणाले, "अठरा फूट. एक इंच कमी नको."

अठरा फूट सरळ जायला जागा नव्हती, म्हणून उतार मध्ये एकदा वळवला. त्यात माझा मिरच्यांचा वाफा गेला. मी तक्रार केली नाही.

ठरल्या दिवशी दुपारी गाडी आली. पांढरी, उंच, मागं सायकल बांधलेली. हे गाडीच्या मागं उभे राहून हात हलवत ओरडू लागले, "दादा, येऊ द्या, येऊ द्या. डावीकडं. थोडं आनखी." गाडी बरोब्बर सांगितल्यासारखी मागं येत होती. एवढ्यात डाव्या दारातून एक गृहस्थ उतरले. बाईंचे मावसभाऊ. ते शेंगदाणे खात ह्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि तेही गाडीकडं बघू लागले.

ह्यांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा हलत्या गाडीकडं. "मंग गाडी कोन चालवून राह्यलंय?"

"ताई," ते म्हणाले. "मला येत नाही चालवायला."

ताई चालवत होत्या. पायांची सगळी कामं हातानं करता यावीत अशी गाडी त्यांनी करून घेतली होती. गाडी थांबवून त्यांनी लिफ्टचं दार उघडलं, आणि समोर हातभर अंतरावर मोसंबीचं झाड. मी ह्यांना म्हटलं, डावीकडं आठ फूट सोडायचे होते ना. हे म्हणाले, सोडलेत की. समोरून गाडीकडं बघितलं तर डावीकडंच आहेत. बाईंनी आतून ऐकलं. त्यांनी गाडी पुढं काढली, रस्त्यावर फिरवून उलट तोंडानं आणून लावली आणि लिफ्टनं खाली उतरल्या. साठीच्या, केस कापलेले, कपाळावर चष्मा.

तेवढ्यात आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून चौघं जण हजर झाले. फोन आला त्याच दिवशी ह्यांनी सांगून ठेवलेले उचलणारे. नंतर नको म्हणून सांगायचं राहून गेलेलं. बाईंनी त्यांना नमस्कार केला, उतारावरून सरळ वर गेल्या, दार लावून घेतलं. ते चौघं, हे, गवंडी आणि मावसभाऊ असे सात पुरुष बाथरूमच्या दाराकडं टक लावून उभे राहिले. मला सगळ्यांना हाकलावं लागलं.

बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "उत्तम. फक्त आरसा खाली घ्या. मला त्यात नुसते छपराचे पत्रे दिसले."

गवंड्यांचा चेहरा असा फुलला, जणू सगळं त्यांच्याच मनातलं होतं.

संध्याकाळपर्यंत माणसं येत राहिली. कोणी मोसंबीची चौकशी करत आलं, कोणी म्हैस बघायला. शेवटी सगळे एकच विचारायचे, पायाला काय झालं. शेजारणीला बाईंनी सांगितलं, घोड्यावरून पडले. गवंड्यांना सांगितलं, विहीर खोदताना पाणी लागलं का बघायला उतरले होते. एका रिटायर कंडक्टरला, अगदी गंभीरपणे, वाघ. तिन्ही गोष्टी चहाच्या टपरीवर एकमेकींना भेटल्या तेव्हा तिथं मोठा वाद झाला. कंडक्टर हटायला तयार नव्हता. वाघाचं मी स्वतः ऐकलं, म्हणाला.

मी भाकरी थापत होते. बाई उतारावरून येऊन चुलीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून सांगते. पोलिओ. तीन वर्षांची होते. त्यात सांगण्यासारखं काही नाही, म्हणून रोज वेगळं सांगते."

मी म्हटलं, "भाकरीबरोबर ठेचा चालेल का?"

"तिखट असेल तर," त्या म्हणाल्या.

एका रात्रीसाठी आल्या होत्या, तीन राहिल्या. राजूरलाही जाऊन आल्या. शेजारणीनं विचारलं, नवस होता का. म्हणाल्या, नाही, पेढे चांगले मिळतात असं ऐकलं होतं. दुपारी झाडाखाली पुस्तक वाचायच्या आणि मधूनच आम्हाला दाखवायच्या: नळ उंच आहे, विजेचं बटण लांब आहे, दांडा हलतो. हे एकेक दुरुस्त करत राहिले. दांडा त्यांनी असा पक्का केला की आता भिंत पडेल, दांडा राहील. म्हातारबाबा दोन दिवस लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी कोणाला न विचारता काठी टेकत उतारावरून वर आले, ओट्यावर बसले, चहा मागितला. दीड वर्षात पहिल्यांदा ते आमच्या ओट्यावर आले होते. पायऱ्या चढवत नाहीत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्हाला वाटत होतं ते रागावलेत.

निघायच्या दिवशी सकाळी बाईंनी ह्यांना विचारलं, "येता का जालन्यापर्यंत? भाऊ मागं झोपेल." हे धुतलेला सदरा घालून पुढं बसले. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ह्यांचा एक हात खिडकीबाहेर होता.

दुपारी काळीपिवळी जीपनं परत आले. मी विचारलं, कशी चालवतात बाई?

"माझ्यापेक्षा भारी. ब्रेक हातानं, रेस हातानं," हे म्हणाले. "पायाला कामच न्हाई." मग चपला काढून खाटेवर बसले आणि बराच वेळ आपल्याच दोन पावलांकडं बघत राहिले.