रिफ्लेक्टरमागचे अण्णा

कॅमेरा चालू होता आणि शंकर पाळण्याशी नुसता उभा होता. पाळण्यात बाळ रडत होतं. शंकरनं त्याला उचलायचं, कसंबसं धरायचं आणि तेवढ्यात शेगडीवरचं दूध उतू जायचं, असा सीन होता. दूध वेळेवर उतू गेलं. बाळ चोख रडलं. शंकर तेवढा हलला नाही.

"कट," आमचे डायरेक्टर नंजप्पा म्हणाले. तिसरा टेक वाया गेला होता. टेक म्हणजे शॉट घेण्याचा एकेक प्रयत्न. त्या काळी, म्हणजे साठ सालच्या आसपास, कच्ची फिल्म परवान्यावर मिळायची. प्रत्येक वाया गेलेल्या टेकला नंजप्पांचं रक्त आटायचं.

बंगळूरजवळच्या येलहंकातल्या एका घराच्या मागच्या अंगणात आम्ही एक छोटा विनोदी सिनेमा करत होतो. कन्नडमध्ये. मोठ्या सिनेमाच्या आधी थिएटरात दाखवायचा. बायको बाजारात गेलेली, घरात नवा बाप आणि बाळ, बास, एवढीच गोष्ट. मी कॅमेरामन. मूळचा निपाणीचा. अख्ख्या युनिटमध्ये मराठी कळायची ती मला आणि शंकरला. शंकरचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, पण त्यातही निम्मं कन्नड. तो बँकेत कारकून होता आणि हौसेनं नाटकांत कामं करायचा. रिहर्सलला बाळाऐवजी उशी हातात घेऊन त्यानं आम्हाला हसवून लोळवलं होतं. आणि पाळण्यातलं बाळ त्याचं स्वतःचंच होतं, तीन महिन्यांचं, पहिलं. बाळ फुकट मिळालं म्हणून नंजप्पा खूश होते.

आता मात्र ते कपाळाला हात लावून बसले. "जेवणानंतर एक टेक देतो. नाही जमलं तर उद्या दुसरा बाप आणतो."

"आणि बाळ?" मी विचारलं.

"बाळ हेच. त्याचे शॉट छान आलेत."

हे शंकरनं ऐकलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. पडद्यावर त्याच्या लेकराला भलताच माणूस खेळवणार होता. मी त्याला विहिरीपाशी नेलं आणि विचारलं, "झालंय काय तुला?"

त्यानं नजरेनंच दाखवलं. कॅमेऱ्याशेजारच्या खुर्चीत त्याचे वडील बसले होते. पलटणीतून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे अण्णा. "अण्णांच्या समोर पोराला कसं उचलू, सांगा की."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडेही तीच रीत. वडीलधाऱ्यांदेखत बापानं आपलं मूल घ्यायचं नाही. मूल रडून लाल झालं तरी आपण पेपर वाचायचा.

"घरी तरी घेतलंस का कधी?"

"नाही हो. अण्णा घरीच असतात."

मला आधी हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं.

अण्णांना बाहेर पाठवणं शक्य नव्हतं. सून आत कपड्यांच्या घड्या घालत होती, पण "नातू जिथं, मी तिथं" असं अण्णांनी सकाळीच बजावलं होतं. मी डोकं खाजवत उभा होतो. तेवढ्यात भिंतीला टेकवलेला रिफ्लेक्टर दिसला. रिफ्लेक्टर म्हणजे चंदेरी कागद चिकटवलेली मोठी फळी. ऊन तिच्यावर झेलायचं आणि नटाच्या तोंडावर टाकायचं. धरणारा माणूस तिच्यामागे पार झाकून जातो.

"अण्णा, एक जबाबदारीचं काम आहे," मी म्हणालो. "ही फळी हलली तर तुमचा नातू अंधारात जाईल."

"सरी," अण्णांनी कन्नडमध्ये होकार दिला आणि फळी घेऊन अटेन्शनमध्ये उभे राहिले.

कॅमेरा सुरू झाला. शंकरनं वडिलांच्या दिशेनं पाहिलं. तिथं नुसता चंदेरी उजेड होता. त्यानं खाली वाकून बाळाला उचललं. गरम पातेलं धरावं तसं धरलं. सीनप्रमाणे बाळानं आणखी जोरात रडायचं होतं. ते गप्प झालं आणि बापाकडे बघत राहिलं. शंकरचा चेहरा असा काही झाला, की उशी घेऊन तो आयुष्यात तसा झाला नसता.

मग उजेड हलायला लागला. फळीच्या कडेनं एक डोळा आणि अर्धी मिशी बाहेर आली. दुसऱ्या क्षणी फळी गवतावर पडली आणि अण्णा थेट फ्रेममध्ये शिरले.

"असं नव्हं रे. मानेखाली हात घाल. स्वल्प वर." त्यांनी स्वतःच शंकरचा हात सरकवला.

"अण्णा, तुम्हाला कसं ठाऊक?"

अण्णांनी आवाज खाली आणला. "माझे अण्णा देवळात गेले की मी घेत होतो तुला. तुझी आई दारात पहाऱ्याला उभी राहायची."

नंजप्पा तोंड उघडं टाकून बघत होते. 'कट' म्हणायचं राहूनच गेलं. मी कॅमेरा थांबवला नाही. माझे डोळे भरून आले होते, पण फिल्म संपेपर्यंत हात हलू दिला नाही.

नंतर नंजप्पा माझ्यावर यथेच्छ ओरडले. फिल्म धुऊन आल्यावर मात्र त्यांनी तो शॉट दोनदा पाहिला आणि ठेवला. बापही तोच राहिला. शूटिंग मुकं होतं, आवाज मागाहून भरायचा होता. त्यामुळे प्रश्न आला, आजोबांचे ओठ हलताहेत, तिथं कोणतं वाक्य घालायचं?

"मी? मी खोकलो," अण्णा म्हणाले. शंकर जमिनीकडे बघू लागला. सगळे माझ्याकडे वळले.

"दूध उतू गेलं, असं म्हणाले," मी सांगितलं.

थिएटरात त्याच वाक्याला सगळ्यात मोठा हशा झाला. मी मागच्या रांगेत होतो. पुढे शंकर बसला होता, मांडीवर बाळ घेऊन, अगदी उघडपणे. शेजारच्या खुर्चीत अण्णा. ते मान ताठ ठेवून सरळ पडद्याकडे बघत होते. बाजूला बघायचं नाही, एवढं पथ्य त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

रिफ्लेक्टर कुणाच्या हाती द्यावा, याबाबत पुढे मी फार काटेकोर झालो. अनाडी माणसाला कधी हात लावू दिला नाही. सीनमध्ये पाळणा असला, की मात्र आधी चौकशी करायचो, बाळाचे आजोबा आलेत का.