सुभेदारकाकूंच्या बंदुका

सुभेदारकाकूंना राग आला की त्या भांडत नसत, नियम करत. वर्तकनगरला त्यांच्या जेवणाच्या टेबलावर दर रविवारी सकाळी आम्ही चौघं पुठ्ठ्याची सैन्यं मांडून फाशांवर लढाया खेळायचो. खेळ काकूंनीच बसवलेला: तलवारी, घोडी आणि जुन्या ठासणीच्या बंदुका. काकू कॉलेजच्या रसायनशाळेतून निवृत्त झालेल्या. 'सुभेदार' ही पदवी आम्ही दिलेली, आणि ती त्यांना मनापासून आवडायची.

एकदा मी नुसत्या बंदुका चालवून त्यांचं घोडदळ साफ केलं. "छान खेळलास हो," म्हणत त्यांनी माझ्या पोह्यांवर जास्तीचं खोबरं घातलं. पुढच्या रविवारी नवा नियम तयार: एकदा बार काढला की पुढच्या दोन फेऱ्या बंदूक गप्प. "दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची. तुझे शिपाई काय तोंडाने गोळ्या फुंकत होते?" त्या दिवशी त्यांनी मला धू धू धुतलं. तक्रारीला जागा नव्हती, कारण नियम त्यांनाही लागू असायचा.

पूर्वी बंदुकीला जळत्या सुती दोरीने बत्ती देत. ती दोरी दमट हवेत किती टिकते हे पाहायला काकूंनी सोरामिठाच्या पाण्यात भिजवलेली दोरी गॅलरीत टांगून पेटवली. सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. काकूंनी ती शांतपणे वाचली. पुढच्या लढाईत शत्रूच्या पळपुट्या सरदाराला हुबेहूब सेक्रेटरींच्या मिशा होत्या.

निखिल आमच्यातलाच. काकूंच्या हातचं सगळ्यांत जास्त त्यानेच खाल्लं असेल. हळूहळू त्याने येणं बंद केलं, आणि एक दिवस डोंबिवलीच्या एका दुकानात मला तो खेळ दिसला. चकचकीत खोका, आत काकूंचे नियम, वर एकट्या निखिलचं नाव. मी तो काकूंना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "बंदूक भरायचा वेळ काढून टाकलान. लोकांना कंटाळा येतो म्हणे." मग खोका बंद करत म्हणाल्या, "याला सोडायचं नाही."

ठाण्यात एका हॉलमध्ये जो कुणी येईल त्याच्याशी निखिल हा खेळ खेळून दाखवणार होता. काकू ठेवणीतली साडी नेसून समोर जाऊन बसल्या. त्यांनी फक्त बंदुका घेतल्या. निखिलच्या नियमाप्रमाणे त्या प्रत्येक फेरीला धडधडत राहिल्या आणि त्याचं घोडदळ जागच्या जागी संपलं.

"अजून एक डाव?" काकू गोड हसून म्हणाल्या. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. बघणाऱ्यांतल्या दोघांनी हातातले खोके परत टेबलावर ठेवले. मला त्या क्षणी काय आनंद झाला म्हणून सांगू!

"काकू, काय बदलू ते सांगा ना," निखिल रडकुंडीला आला.

"आधी खोक्यावर माझं नाव घाल."

तो फासे आवरायला लागला. काकू उठल्या.

निखिलने मग भरायचा वेळ परत घातला, पण आता त्याच्या खेळात बंदूक कुणी घेईचना. तिचा काही उपयोगच उरला नाही; आमच्या टेबलावरही तेच झालं होतं. काकूंना याचं उत्तर टेंभी नाक्यावर एका वरातीत सापडलं. फटाक्यांची माळ लागली आणि नवरदेवाची घोडी उधळली. काकू रस्त्यातच मला म्हणाल्या, "बघ, मेलं कुणी नाही, पण वरात मोडली! बंदुकीचा पहिला बार मारण्यासाठी नसतोच, तो घोडी उधळण्यासाठी." त्या एका नियमाने आमचा खेळ जिवंत झाला. तो फक्त आम्हा तिघांना माहीत होता.

गेल्या वर्षी काकू गेल्या. निखिल भेटायला आला, फोटोला हार घातला, डोळेही पुसले. जिन्यात त्याने मला गाठलं.

"मिल्या, यार, बंदुकीचं काकूंनी शेवटी काय केलेलं रे? दुसरी आवृत्ती अडकलीय."

"नाव घालणार त्यांचं?"

"आत, आभारात टाकू ना. वर नाही जमणार, समज ना."

मला नियम तोंडपाठ होता. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो जावा असं अजूनही वाटत नाही.

"सांगणार नाही," मी म्हटलं. "आम्ही आता रविवारी माझ्या घरी खेळतो. ये, समोर बस, आणि हरून हरून शीक."

तो अजून आलेला नाही. आम्ही मात्र दर रविवारी एक जागा मोकळी ठेवतो आणि बंदुका भरून बसतो.