हद्दीवरच्या लिंबांचं लोणचं

चुलत्यानं लिंबोणीवर कोयता चालवला तेव्हा आई परसात लोणच्यासाठी मोहरी कुटत होती. मी दहावीला होते, दिवाळीची सुट्टी चालू होती. आमचं गाव सांगलीपासून एसटीनं तासाभरावर. वडील गावातल्याच शाळेत मास्तर. चुलता त्यांचा धाकटा भाऊ, शेती तो बघायचा. दोन वर्षांपूर्वी दोघांनी घर वाटून घेतलं, आणि लिंबोणीचं खोड नेमकं परसातल्या हद्दीवर आलं. तिथं चुलत्याला नवी खोली काढायची होती.

"आठ दिस थांबा," आईनं त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं. "लिंबं पिकायला लागल्यात. एवढं लोणचं हुं दे, मग काय करायचं ते करा." तो तसाच शेताकडं निघून गेला. आम्ही समजलो, त्याला पटलं.

त्यानं खालच्या फांद्या सपासप उतरवल्या आणि कुऱ्हाड उचलली. बुंध्यावर दोन घाव बसले तेवढ्यात आई जाऊन खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला व्हा वैनी."

"न्हाई हुणार."

त्यानं कुऱ्हाड टाकली, आईचा दंड धरला आणि तिला फेकून दिलं. ती तोडलेल्या फांद्यांवर तोंडावर पडली. लिंबोणीचे काटे सुईसारखे असतात. ती उठली तेव्हा गाल फाटला होता आणि एक काटा तळहातात मोडून बसला होता.

वडील पायरीवर पेपर वाचत होते. शाळेत त्यांनी कुणाला छडी मारल्याचंही मी कधी ऐकलं नव्हतं. ते उठले, खलातला लोखंडी बत्ता घेतला आणि चालत जाऊन भावाच्या डोक्यात घातला. चुलता गुडघ्यांवर बसला. कानावरून रक्त ओघळत होतं. त्यानं वर बघितलं आणि "अण्णा" एवढंच म्हणाला. वडिलांनी दुसरा फटका घातला. तो खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

काकी धावत बाहेर आली आणि तिनं आईच्या झिंज्या धरल्या. दोघी मातीत लोळत एकमेकींना ओरबाडत होत्या. शेजारच्या बायांनी त्यांना सोडवलं तेव्हा काकीच्या मुठीत आईचे केस होते. कुणीतरी ट्रॅक्स आणली. चुलत्याला मिरजेला न्यायचं ठरलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन वडीलच गाडीत बसले, आणि काकीनं त्यांना बसू दिलं.

गाडी गेल्यावर आईनं कुऱ्हाड उचलली.

"आई, आता कशाला?" मी म्हणाले.

"ह्या झाडापायी घरातलं रगत सांडलं. आता ऱ्हाऊन काय करायचं हाय त्याला?"

तिनं घाव घालायला सुरुवात केली. काटा अजून तळहातातच होता, कुऱ्हाडीचा दांडा लाल झाला होता. बाया कुंपणापाशी उभ्या होत्या, पण एकही पुढं आली नाही. तासाभरानं झाड आडवं झालं.

मग तिनं मला लिंबं वेचायला लावली. मी आज नको म्हणून रडायला लागले, तर तिनं माझ्या थोबाडीत दिली. काही लिंबांना रक्त लागलं होतं. ती तिनं वेगळी काढून उकिरड्यावर टाकली. बाकीची धुऊन, पुसून ती विळीवर चिरायला बसली. रस हातावरच्या जखमांत जात होता. ती चिरत राहिली. मीठ, हळद लावून बरणी भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. तेव्हा कुठं तिला हुंदका फुटला.

मिरजेत डॉक्टरांनी विचारलं, तर चुलत्यानं सांगितलं, झाड पाडताना फांदी डोक्यात बसली. वडील खरं बोलायला गेले, तेव्हा त्यानं त्यांचा हात दाबला. डोक्याला टाके पडले. खांदा मात्र वाकडाच जुळला. त्या हातानं त्याला पुन्हा कुऱ्हाड धरता आली नाही. खोली त्यानं तिथंच बांधली.

महिन्याभरानं काकी दारात आली. "त्यास्नी तोंडाला चव न्हाई. लोणच्याची फोड मागत्यात."

आईनं वाटी भरून दिली. "वाटी द्यायला परत येऊ नको," ती म्हणाली. काकी मान खाली घालून गेली.

मी कॉलेजला सांगलीला राहायला निघाले, त्या दिवशी वडील स्टँडवर सोडायला आले होते. गाडी लागायची होती. इकडचं तिकडचं बोलता बोलता त्यांनी विचारलं, "दुसरा फटका तू बघितलास का गं?"

"व्हय," मी म्हणाले.

"मला वाटलं, तू आत हुतीस." त्यांनी माझी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गाडी येईपर्यंत रस्त्याकडं बघत उभे राहिले.