काळ्या खाचेचा मदरबोर्ड

१९९९ च्या दसऱ्याआधी माझ्या धाकट्या बहिणीने सांगलीत संगणकासाठी मदरबोर्ड निवडला. दुकानदाराने काउंटरवर दोन बोर्ड ठेवले होते. एक अगदी नवा. आवाजाची आणि चित्राची सोय त्याच्यावरच होती, जोडकार्डांसाठी फक्त आखूड पांढऱ्या खाचा होत्या. दुसरा आधीच्या वर्षीचा. त्याच्यावर पांढऱ्या खाचांच्या शेजारी एक लांब काळी खाच होती.

बहिणीला ती काळी खाच हवी होती. तासगावला तहसील कचेरीसमोरच्या टपरीत ती मराठी टंकयंत्रावर अर्ज आणि करारपत्रे टाइप करायची. शेजारी संगणकवाला आल्यापासून वकील तिकडे वळू लागले होते. एक शब्द चुकला म्हणून त्याला अख्खे पान पुन्हा टाइप करावे लागत नव्हते. सांगलीत ज्या क्लासला ती संगणक शिकली तो बंद झाला, तेव्हा तिथले मराठी अक्षरांचे कार्ड तिने घेऊन ठेवले होते. त्या कार्डामुळे पडद्यावर आणि कागदावर देवनागरी उमटायची. ते काळ्या खाचेतच बसायचे.

तिच्यासोबत दुकानात आलेले वडील पूर्वी सैन्यात बिनतारी संच सांभाळत. निवृत्त झाल्यावरही कुठल्याही यंत्राबद्दल त्यांचे मत तयार असे.

"पोरीला जुना माल कशाला? नवा द्या की. सगळं ह्येच्यावरच हाय, जोडाजोडी न्हाई."

"आवं आबा, ह्यात माझी मराठी बसत न्हाई," बहीण म्हणाली.

"मग इंग्रजीत कर अर्ज. तहसीलदार घाबरंल तरी."

बहिणीने जुना बोर्ड उचलला. परतताना एसटीत त्याचे खोके वडिलांनी मांडीवर घेतले आणि तासगाव येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

जोडणीचे काम माझ्याकडे होते. मी साताऱ्यात नोकरीला होतो. खंडेनवमीला घरी पोहोचलो. त्या दिवशी आमच्याकडे कामाची हत्यारे पुजतात. पाटावर द्राक्षछाटणीच्या कात्र्या, विळा, टंकयंत्र आणि संगणकाचे सुटे भाग मांडले होते. बोर्ड त्याच्या चंदेरी पिशवीतच होता.

"पिशवीची पूजा करू व्हय?" आई म्हणाली. "काढ भाईर. दिसू दे त्याला तरी."

बहिणीने बोर्ड काढला. हळदकुंकू बोर्डाऐवजी खोक्याला लावायचे, एवढी तडजोड झाली. अक्षतांचा विषय निघाला नाही. चौघांनीही त्या वाहिल्या.

दसऱ्याच्या सकाळी मी बोर्डावरचे तांदूळ झटकले आणि तो संगणकाच्या पेटीत बसवला. मराठी कार्डाचे एक टोक खाचेत गेले, दुसरे वरच राहिले. दाबल्यावर बोर्ड वाकू लागला, म्हणून थांबलो. सणामुळे सांगलीचे दुकान बंद होते.

"मी म्हणलं हुतं," वडील म्हणाले. "लय काळी खाच, काळी खाच करत हुतीस."

बहिणीने कार्ड काढून घेतले आणि ओढणीने त्याची कड पुसत बसली. वडील थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग उठून बॅटरी आणली, चष्मा लावला आणि खाचेत उजेड पाडला.

"गड्या, सुई आण," ते मला म्हणाले. "आत तांदूळ हाय."

दाणा निघाला. आईने हात पुढे केला. "द्या हिकडं. पुजेचा हाय, पायाखाली यायचा." तुळशीत टाकून ती परत आली. "अजून बघा बरं. मी मूठभर टाकल्या हुत्या."

"तुझा हातच सढळ," वडील म्हणाले.

दुसरा दाणा सापडला नाही. कार्ड या वेळी दोन्ही टोकांनी बसले. पडद्यावर अक्षरे आली तेव्हा बहिणीने टाइप केले: 'मा. तहसीलदारसाहेब, तासगाव यांचे सेवेशी'. वडिलांनी ती ओळ मोठ्याने वाचली.

"बरा हाय बोर्ड," ते म्हणाले.

सुट्टी संपून कचेरी उघडली त्या दिवशी संगणक बहिणीच्या टपरीत होता. पहिला अर्ज वारसनोंदीचा निघाला. अर्जदाराने तो वाचून घेतला आणि चुलत्याचे नाव राहिल्याचे सांगितले. बहिणीने नाव मधे घातले आणि पान पुन्हा छापले.