मनकर्णाबाईंना विमानतळावर अडवलं तेव्हा

मनकर्णाबाई माझ्या शेजारीण. परभणीकडच्या पालमच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला आमचं गाव. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून कळप त्यांनीच हिंडवला आणि त्याच्यावरच अंगद आणि मनिषा ही दोन लेकरं वाढवली. मधी एकदा कोकरं घेऊन परभणीच्या बाजाराला जाताना टेम्पो उलटला. मनकर्णाबाईंच्या मांडीचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आत लोखंडी सळई घातली आणि त्या पुन्हा मेंढरांमागं चालू लागल्या. थोडं लंगडत, पण चालू लागल्या.

अंगदला मेंढरात राम वाटला नाही. तो पोकलेन चालवायला शिकला आणि पार तिकडं, ईशान्येकडच्या डोंगरात बोगद्याचं काम निघालं होतं, तिथं गेला. बायको बबिता जिंतूरकडची. तीही त्याच्याबरोबर गेली. वर्षातून एकदा दोघं यायची. अंगद आला की मनकर्णाबाई त्याच्या ताटाजवळून हलायच्या नाहीत.

गेल्या साली कापूस वेचणीच्या दिवसांत बबिताचा फोन आला. मनकर्णाबाई मेंढरांच्या वाड्यात एका आजारी मेंढीला औषध पाजत होत्या. हात भरलेले, म्हणून फोन मीच त्यांच्या कानाला लावला.

"आई, दरड कोसळली," बबिता रडत बोलत होती. "ह्यांच्या डोक्याला लय मार लागलाय. आत रक्त साकळलंय म्हनायलेत. परवा सकाळी ऑपरेशन हाय. ते सुद्धीवर हायेत, पर सारखं तुमचंच नाव घ्यायलेत. आईला बघितल्याबिगर मला आत नेऊ नका म्हनायलेत."

मनकर्णाबाईंनी एकच विचारलं, "रेल्वेनं परवापतूर पोचन का मी?"

रेल्वेनं पोचणं होत नव्हतं. ठेकेदाराच्या माणसानं विमानाचं तिकीट काढून मोबाईलवर पाठवलं. एकाच माणसाचं. मधल्या एका शहरात विमान बदलायचं होतं आणि दोन्ही विमानं वेगवेगळ्या कंपन्यांची होती. मनिषा पाथरीहून, सासरहून धावत आली. तिनं हाताला लागेल त्या पिशवीत आईचं एक लुगडं, भाकऱ्या आणि अंगदला आवडणारं मेंढीच्या दुधाचं तूप भरलं. ती पिशवी मनकर्णाबाईंची रोज रानात न्यायची होती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

रेल्वेनं मनिषा आईला मोठ्या शहरापर्यंत घेऊन गेली. पण विमानतळाच्या दारातच तिला थांबवलं. तिकीट नाही तर आत नाही. "आई, मशीन वाजलं तर भिऊ नको," मनिषानं बजावलं. "पायात सळई हाय म्हनून सांग."

मशीन वाजलंच. खाकीतल्या एका बाईनं पडद्याआड नेलं, मांडीवरून यंत्र फिरवलं. मनकर्णाबाईंनी आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "अंदर सळई है, बाई. डॉक्टर ने डाली." त्या बाईनं मांडीकडं पाहिलंसुद्धा नाही. "जाओ माताजी," म्हणून मोकळी झाली. पिशवी मशीनमधून आली, तेव्हा मात्र एकानं तुपाची बरणी बाहेर काढली आणि बाजूच्या पिंपात टाकली. पातळ वस्तू चालत नाही म्हणाला. मनकर्णाबाईंना वाईट वाटलं, पण नियम असंल, असं म्हणून त्या पुढं गेल्या. रांगेत पुढं एका माणसाचं नखं कापायचं यंत्रही काढून घेतलं होतं. तेही त्यांनी पाहिलं.

विमान वर गेलं. तोंडात टाकायला लवंग काढावी म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला. बुडाला शिवलेल्या फडक्याखाली बोटाला काहीतरी टोचलं. त्यांनी फडक्याची उसवलेली कड उचलून आत चाचपलं.

लोकर कातरायची कातर होती. एवढी लांब पात्यांची, परवाच धार लावलेली.

पुढं ही गोष्ट सांगताना त्या मला म्हणाल्या, "बाई, लांडगा दिसला तरी मी अशी भेले न्हाई कधी. वाटलं, आता ह्या समद्या मानसांत मीच एक चोर हाय. तूप काढून घेतलं, नखाचं यंत्र काढून घेतलं, आन्‌ ही एवढी कातर सोडली त्यांनी. त्यांचं ध्यान कुटं व्हतं?"

शेजारी एक बाई लेकराला मांडीवर घेऊन झोपली होती. मनकर्णाबाई त्या लेकराकडं बघत राहिल्या. ही कातर माझ्याऐवजी एखाद्या येड्यावाकड्या माणसाजवळ असती तर, असं त्यांच्या मनात आलं. विमानातल्या पोरीला हाक मारून सांगावं का? सांगितलं तर गोंधळ होईल, आपल्याला पुढं जाऊ देणार नाहीत. नाही सांगितलं तर पुढच्या तपासणीत सापडणारच. त्यांनी पिशवी पायात घट्ट धरली आणि सगळ्या वाटेत खंडोबाचं नाव घेत बसल्या.

मधल्या शहरात उतरल्यावर बाहेर येऊन पुन्हा तपासणी होती. रांगेच्या कडेला कचऱ्याचा डबा होता. त्यात टाकावी का, असा विचार आला. पण वर कॅमेरे होते. लपूनछपून टाकताना कुणी बघितलं तर खरंच चोर ठरू, असं त्यांना वाटलं. खरं बोलणाऱ्याला भ्यायचं कारण नसतं, असं त्या आयुष्यभर मानत आल्या होत्या. पुढं उभ्या असलेल्या खाकीतल्या माणसाजवळ त्या गेल्या, पिशवीतून कातर काढली आणि दोन्ही हातांवर धरून त्याच्यापुढं केली.

"साहब, ये गलती से आया. मेंढी का है. तुम रख लो."

तो माणूस एकदम मागं सरकला. कुणीतरी ओरडलं. रांग पांगली. दोघांनी त्यांचे दंड धरले आणि एका खोलीत नेऊन बसवलं.

तिथं एक साहेब आला. कडक इस्त्रीचा, आवाज मात्र हळू. "ये कहाँ से लाया?"

"गाव से."

"पहले एअरपोर्ट पे चेकिंग नहीं हुआ?"

"हुआ साहब. उन्होंने घी लिया. ये नहीं देखा."

साहेबाला ते पटलं नाही. एवढी मोठी वस्तू मशीनमध्ये दिसली नाही, असं कसं होईल? मग कुणी दिली? इथं आत आल्यावर दिली का? कुणाला द्यायची होती? तो फिरून फिरून तेच विचारत राहिला. मनकर्णाबाईंच्या ध्यानात आलं की तिकडच्या माणसांची चूक झाली, हे ह्याला मान्यच करायचं नाही. ती चूक मान्य केली तर सगळ्या यंत्रणेलाच बट्टा लागतो. त्यापेक्षा म्हातारी खोटी, हे सोपं.

"साहब, मेरा लडका दवाखाने में है," त्या हात जोडून म्हणाल्या. "कल सुबह आपरेशन है. विमान जाएगा मेरा."

"जाएगा तो जाएगा," तो म्हणाला. "यहाँ सैकड़ों लोगों की जान का सवाल है."

मग यंत्र फिरवलं आणि ते मांडीजवळ वाजलं. आता तर त्यांचा संशय पक्का झाला. सळईचा डॉक्टरी कागद मागितला. कागद कुठून असणार? त्यांनी बाया बोलावल्या. दार लावून लुगडं सोडायला लावलं. मांडीवरचा लांब व्रण दाखवला, तरी एक बाई बोटांनी दाबून बघत राहिली. मनकर्णाबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. "बाळंतपणातबी मी कुनापुढं अशी उघडी पडले नव्हते," हे मला सांगताना त्यांनी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

बाहेर माईकवर नावं पुकारत होते. त्यात आपलं नाव आहे, एवढं त्यांना कळलं. त्या दाराकडं धावल्या. दारातल्या शिपायानं आडवा हात घातला. "साहेब, मला जाऊ द्या हो, माझं लेकरू वाट बघायलंय," त्या आता मराठीतच ओरडत होत्या. समोरच्या कुणाला मराठी येत नव्हतं. त्या खाली बसल्या आणि शिपायाचे पाय धरले. तो गोंधळला, मागं बघू लागला, पण बाजूला झाला नाही.

संध्याकाळी एक वयस्क अधिकारी बाई आल्या. त्यांनी मोबाईलवर मनिषाला फोन लावला, कातर उलटीपालटी करून बघितली. पात्यांच्या सांध्यात अडकलेली लोकर त्यांनी चिमटीत धरली. मग त्या उठल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माताजी सच बोल रही है." मनकर्णाबाईंना सोडलं. त्या बाईंनीच सकाळच्या विमानात जागा मिळवून दिली, चहा-बिस्किटं दिली. पण मनकर्णाबाईंनी बिस्किटं बाजूला सारली आणि बबिताला फोन लावायला सांगितलं.

फोनवर बबिता होती. मागून अंगदचा आवाज आला, बारीक, ओढलेला. "आई कुटं हाय?"

"यायलेय रं बाळा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "वाटंतच हाय. विमान उशिरा हाय जरा." खोली, साहेब, लुगडं, काहीच सांगितलं नाही.

"ये मग," तो म्हणाला. "मी जागा हाय."

सकाळी त्या पोचल्या तेव्हा त्याला आत नेलेलं होतं. डॉक्टर थांबायला तयार नव्हते, आणि त्यांचंही चुकलं नव्हतं. बबिता म्हणाली, आत नेताना तो दाराकडंच बघत होता. ऑपरेशननंतर अंगद शुद्धीवर आला नाही. मनकर्णाबाई त्याचा हात धरून बसून राहिल्या, गावाकडच्या मेंढरांचं सांगत राहिल्या. कोणत्या मेंढीला जुळं झालं, कोणती रानात हरवून पुन्हा आली. त्याच आठवड्यात तो गेला.

त्याला घेऊन परत येताना पुन्हा त्याच मधल्या विमानतळावर तपासणी होती. मनकर्णाबाईंच्या मांडीजवळ मशीन वाजलं. त्या थांबल्या, पडद्याआड जायला निघाल्या. खाकीतली पोरगी बरोबरच्या बाईशी बोलत होती. तिनं हातानंच पुढं जा म्हणून खुणावलं. त्या तिथंच उभ्या राहिल्या.

"बगा की," त्या म्हणाल्या. "आता का बगत न्हाई?"

पोरीला कळलं नाही. मागच्या लोकांनी घाई केली. बबितानं त्यांना दंडाला धरून पुढं नेलं.

दहाव्यानंतर मी एकदा त्यांच्याकडं बसले होते. त्यांचे दीर लिंबाजीही होते. ते म्हणाले, "वहिनी, तपासनी पायजेच की. वंगाळ मानसं असतात."

"पायजेच," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी कुटं नको म्हनते? पर भावजी, पयल्यांदा माझ्याकडं सुरी असती आन्‌ मनात पाप असतं, तर त्या इमानातल्या लेकराला कोनी वाचवलं असतं? तवा मला सोडलं. मी आपून हून हातात दिलं, तवा धरलं. जाताना सळई खोटी, येताना खरी. ह्यात वाचलं कोन? तेवडं सांगा मला."

लिंबाजींनी टोपी उचलली आणि ते उठले.

पुढं बबिताचा भाऊ जिंतूरहून जीप घेऊन तिला न्यायला आला. मनकर्णाबाईंनीच तिला जा म्हणून सांगितलं. वय लहान आहे, इथं मेंढरांत काय राहणार, असं त्यांचं म्हणणं. बबिता जाईना, गळ्यात पडून रडली. शेवटी मनकर्णाबाईंनी तिला जवळजवळ ढकलून जीपमध्ये बसवलं. जीप पालमच्या रस्त्याला लागली आणि त्या ओसरीवर येऊन बसल्या. त्या दिवशी घरी असून पहिल्यांदा त्यांनी कळप चरायला सोडला नाही. मेंढरं वाड्यात ओरडत राहिली. मी चार वेळा म्हटलं, "मावशी, मी सोडू का?" दुपार कलली तेव्हा मीच काठी घेतली आणि वाड्याचं दार उघडलं.